सिद्धेश्वर, भुईकोट, चौपाटी झाली. आता सोलापुरात पुढे काय पाहावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून बदली होऊन सोलापुरात सहा महिने झाले. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, पार्क चौपाटी एकेकदा पाहून झालं. सुट्टी आली की तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, म्हणजे गावाबाहेरच. आता डिसेंबरअखेर आई-वडील तीन आठवडे राहायला येतायत, सोबत नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि ऑफिसातले सगळे सांगतायत की इथे बघण्यासारखं काही नाही. तर खरंच काही नाही का?

भरपूर आहे. मी याच शहरात वाढलो आणि बाहेरून आलेल्यांना सोलापूर फिरवून दाखवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला नवं नाही. मोठ्या देवस्थानांच्या मधोमध असल्यामुळे सोलापूर हे मुक्कामाचं गाव होऊन बसलं आहे. पाहुणा आला की गावकरीच त्याला गाडीत घालून बाहेर नेतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इथल्या चांगल्या जागा कुणाच्या तरी रोजच्या कामाच्या किंवा उपासनेच्या जागा आहेत. तिथे पाटी नाही, तिकीट खिडकी नाही, माहिती सांगणारा माणूस उभा नाही. दुपारी दोन वाजता गेलात तर बंद शटर दिसेल, आणि त्याच दारात सकाळी दहाला गेलात तर तासभर पाय निघणार नाही. त्यामुळे ‘कुठे जावं’ याच्याइतकंच ‘केव्हा जावं आणि कुणाला विचारून जावं’ हे मी पाहुण्यांना सांगत असतो.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. डिसेंबर-जानेवारी हा सोलापूरचा सगळ्यात चांगला काळ तुम्हाला मिळतोय. हाच प्रश्न एप्रिलमध्ये आला असता तर यातली निम्मी ठिकाणं मी सांगितली नसती, कारण पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर वडीलधाऱ्यांना घेऊन उन्हात हिंडणं बरं नाही. आई-वडिलांना किती चालवतं, दगडी पायऱ्या जमतात का, हे तुम्हालाच ठाऊक. आणि शहराबाहेरच्या ठिकाणांना स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, एसटीच्या भरवशावर ती होत नाहीत.

सुरुवात पूर्व भागापासून करा. साखर पेठ, भद्रावती पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, दत्तनगर हा सगळा पट्टा. सहा महिने राहूनही तुम्ही बहुधा इथे गेला नसाल, कारण बँका, मॉल, हॉटेलं सगळी दुसऱ्या बाजूला. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ही वस्ती उभी केली. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि हिंदी, आणि बोलता बोलता माणूस एकातून दुसरीत कधी गेला ते त्यालाही कळत नाही. १८७७ साली ‘जुनी मिल’ सुरू झाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर चालणारं हे गाव झालं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण माग राहिले. सोलापुरी चादर आज जी काही विणली जाते ती या गल्ल्यांत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.

मुलीला इथे नक्की न्या, आणि तिला मागाच्या वर बघायला सांगा. लोखंडी सांगाड्यावर जकार्ड बसवलेलं असतं आणि त्यातून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची दोऱ्याने ओवलेली माळ फिरत असते. प्रत्येक पट्टीला भोकं पाडलेली. जिथे भोक आहे तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो, पट्टी सरकते, पुढची ओळ. असं होत होत खालून मयूरपंखाची नक्षी बाहेर येते. कारागीर नक्षी काढत नाही, ती त्या भोकांत आधीच लिहून ठेवलेली असते. फ्रान्समध्ये जाकारने १८०४ च्या सुमारास ही रचना पक्की केली, आणि पुढे सुरुवातीच्या गणकयंत्रांत माहिती भरायला जे भोकांचे पत्ते वापरले गेले त्यांची कल्पना इथूनच गेली. शाळेत कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना हे समोर दाखवलं की ती दहा मिनिटं हलत नाहीत. काही कारखान्यांत आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आहे, तेव्हा विचारताना ‘पट्ट्यांचं जुनं जकार्ड चालू आहे का’ असं स्पष्ट विचारा.

आत कसं जायचं? अनोळखी कारखान्याच्या दारात थेट जाऊन उभे राहू नका. पूर्व भागातल्या चादरीच्या दुकानात शिरा, काही घ्यायचं असेल ते घ्या, आणि मग सांगा की पाहुणे आलेत, माग बघायचा आहे. बहुतेक दुकानदारांचा स्वतःचा नाहीतर नात्यातला कारखाना असतो आणि दहातल्या नऊ वेळा तरी ते आनंदाने पोरगा सोबत देतात. साप्ताहिक सुट्टी कधी ते त्याच वेळी विचारा. वेळ सकाळी दहा-अकराची. आतला खडखडाट जबरदस्त असतो, पंधरा-वीस मिनिटांच्या वर वडीलधाऱ्यांना थांबवू नका. ओढणी-पदर खोचून घ्या, मुलीचा हात सोडू नका, फोटो विचारून काढा. कामगाराचा पगार विणलेल्या मालावर असतो. त्याला गप्पांत अडकवलं तर त्याचं नुकसान होतं, त्यामुळे प्रश्न सोबतच्या माणसाला विचारावेत.

चादर घेणार असाल तर दोन्ही बाजू उलटून बघा. अस्सल सोलापुरी जकार्ड चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. एका बाजूला नक्षी ज्या रंगात असते तो रंग दुसऱ्या बाजूला जमिनीचा होतो. हातात घेतल्यावर ती जड लागते. बाहेरगावचा हलका माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो, आणि भौगोलिक मानांकन असूनही विणकराला त्याचा फटका बसतो. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी चादर पूर्व भागातूनच घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. याच गल्ल्यांत उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतील. ते त्यांचं घर आहे, तिथे कॅमेरा काढू नये. नवरात्रात याच चौकांत बतुकम्मा, म्हणजे तेलुगू बायकांची फुलांची आरास, मांडतात आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. तुम्ही पुढच्या वर्षी इथेच असाल, तेव्हा ते लक्षात ठेवा.

दुसरी जागा म्हणजे कसबा आणि बाळीवेस, जुनं सोलापूर. तुम्ही सिद्धेश्वर मंदिर पाहिलंत, पण सिद्धरामेश्वर एका मंदिरात मावत नाहीत. बाराव्या शतकातले हे शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन, कन्नडमध्ये वचनं लिहिणारे. सोन्नलगी हे त्या काळचं गावाचं नाव. त्यांनी तळं खोदवलं आणि गावाच्या सर्व बाजूंना ६८ लिंगं स्थापन केली. ती आजही आहेत. काही चांगल्या देवळात, काही दोन घरांच्या बोळात, काही दुकानाच्या बाजूला एवढ्याशा घुमटीत. सगळी शोधायच्या फंदात पडू नका. बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरापासून सकाळी सातला निघा, उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बूंच्या वाड्याकडे चालत जा, आणि वाटेत पूजा करणाऱ्या कुणालाही ‘जवळचं लिंग कुठलं’ विचारत पुढे सरका. सात-आठ लिंगं सहज होतात आणि जुन्या गावाची वेस कुठवर होती ते पायांना कळतं. आज्ज्या सांगताना मराठीत सुरुवात करतात आणि कन्नडमध्ये संपवतात, पण हात दाखवतात तो बरोबर दाखवतात.

हे आत्ताच सांगण्याचं कारण गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा. तुमचे आई-वडील तीन आठवडे आहेत म्हणजे संक्रांत साधली जाईल. संक्रांतीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मानाच्या उंच काठ्या, कसब्यातून निघून ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला इथे यण्णीमज्जन म्हणतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम, मग शोभेचं दारूकाम. कुंभाराच्या एका मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. अक्षता त्या विवाहाच्या पडतात. पांढरी बाराबंदी घातलेला एकेक माणूस तो उंचच उंच नंदीध्वज तोलत चालतो आणि रस्ता ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ने दुमदुमतो.

अक्षतेच्या दिवशी तळ्याच्या परिसरात प्रचंड गर्दी असते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलीला घेऊन मी तिथे जाणार नाही. त्याऐवजी दोन गोष्टी करा. एक, तैलाभिषेकाच्या दिवशी मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या रुंद रस्त्याच्या कडेला आधी जाऊन उभे राहा. दुसरी गोष्ट तर फार थोड्या बाहेरच्यांना माहीत असते: यात्रेआधीचे काही आठवडे रात्रीच्या वेळी नंदीध्वजांचा सराव चालतो. जुन्या गावात चौकशी केली की कुठे आणि किती वाजता ते कळतं. तिथे गर्दी नसते, हातभर अंतरावरून पाहता येतं. तरुण पोरं वजन कसं पेलतात, दमलेल्याकडून दुसरा कसा उचलून घेतो, जुनी माणसं पाय कसा टाकायचा ते कसं शिकवतात, हे मिरवणुकीत दिसत नाही ते सरावात दिसतं. मला स्वतःला विचाराल तर यात्रेपेक्षा हा सराव मी जास्त आवडीने पाहतो.

भुईकोट तुमचा झाला आहे, पण बहुतेक लोक तटावर एक चक्कर मारून परततात, म्हणून पुन्हा एकदा जा. भिंतींकडे जवळून बघा. जुन्या देवळांचे कोरीव दगड तटात चिणलेले दिसतात, काही उलटे, काही आडवे. आत उत्खननात निघालेल्या मंदिराचे अवशेष आहेत. निजामशाही आणि आदिलशाहीत या किल्ल्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, आणि अहमदनगरची चांदबिबी विजापूरला लग्न होऊन गेली तेव्हा तो हुंड्यात गेला. तुमच्या वडिलांना इतिहासाची आवड असेल तर ही सकाळ त्यांना द्या. तिथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रजी अंमल झुगारला म्हणून शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली गेली. चार नावं पाठोपाठ वाचली की हे शहर कुणाचं आहे ते मुलीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक फार उपेक्षित आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. चीनमधले पाहुणे आवर्जून इथे येतात. अर्ध्या तासात पाहून होतं, आणि दुपारच्या उन्हात करता येण्यासारखं हे शहरातलं सगळ्यात चांगलं काम आहे.

मोकळ्या हवेसाठी विजापूर रोडचा सिद्धेश्वर वनविहार आणि शेजारचा कंबर तलाव, म्हणजेच संभाजी तलाव, रोजच्या फिरण्याला ठीक. पण पक्षी पाहायचे असतील तर हिप्परग्याच्या तलावावर जा. तुळजापूरला जाताना तुम्ही त्याच्या जवळून अनेकदा गेला असाल. अदिला नदीवर इंग्रजांनी बांधलेला हा एकरुख तलाव १८७१ चा. हिवाळ्यात सकाळी दुर्बीण घेऊन काठाला उभं राहिलं तर बदकांचे थवे मिळतात, कधी रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही. बार्शी रोडवरचं नान्नज १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता नसल्यात जमा आहे. नान्नज पाहायचं ते माळरानासाठी. उजाडताना पोचा. वाळलेल्या गवतात काळविटांचे कळप, खाली उतरत गवतावरून घिरट्या घालणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, जमिनीवर तुरुतुरु पळणारा धाविक पक्षी, आणि नशीब असेल तर लांडगा. झाडं नाहीत म्हणून आपण माळाला पडीक समजतो. मुलीला लहानपणीच हे उलटं कळलं तर फार चांगलं. वनखात्याची परवानगी आणि गाडी कुठवर नेता येते ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

आता शहराबाहेरचं, पण माझ्या मते या सगळ्यांत पहिलं: हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात चाळीसेक किलोमीटरवर भीमा आणि सीना जिथे मिळतात ते ठिकाण. पलीकडच्या काठाला कर्नाटक. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी मंदिरं आहेत. संगमेश्वराच्या मंडपात शिरलात की लगेच गाभाऱ्याकडे धावू नका, मान वर करा. तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, आणि शेवटी ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल. हा लेख उजेडात आणला तो सोलापूरच्याच आनंद कुंभार यांनी. विद्यापीठात नोकरी नाही, पाठीशी संस्था नाही, आणि या माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले. सोलापूर जिल्ह्याचा इतिहास लिहिताना आज त्यांच्या कामाशिवाय पान हलत नाही.

हरिहरेश्वरात १९९९ साली ढिगारा उपसताना सापडलेलं बहुमुखी लिंग आहे. त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, ओळीवर ओळ. आधी सगळी सारखी वाटतात. मुलीला दोन वेगळी मुखं शोधायला लावा, मग तीन, मग तुम्हीही शोधत बसाल. मंदिराच्या पुढे स्वर्गमंडप आहे, वरून आकाशाला उघडा, गोल. सकाळी साडेआठ-नऊच्या उन्हात तो उत्तम दिसतो. कुडलला खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका, पाणी आणि डबा घरूनच न्या. नदीचा घाट उतरताना वडीलधाऱ्यांना सांभाळा.

डब्यात काय न्यायचं तेही सांगतो. कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी. चटणी पाकिटातली नको. दाण्याला तेल सुटेपर्यंत कांडलेली, हाताला चिकटणारी, त्याच दिवशीची मागा. जानेवारीत हुरडा सुरू होतो. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतली मालदांडी ज्वारी देशभर नावाजलेली आहे, आणि शहराच्या आसपासच्या शेतांत हुरड्याचे बेत असतात. पण जाहिरात करणाऱ्या मोठ्या जागेपेक्षा ऑफिसातल्या एखाद्या शेती असलेल्या सहकाऱ्याला विचारा. सोलापूरचा माणूस हुरड्याला कधी नाही म्हणत नाही.

सगळं मिळून बेत असा धरा. पहिल्या आठवड्यात पूर्व भागाची एक सकाळ आणि एखादी रात्र नंदीध्वजाच्या सरावाला. दुसऱ्या आठवड्यात पहाटे नान्नज किंवा हिप्परगा, दोन्ही एकाच दिवशी नको, रविवारी कुडल. किल्ला, हुतात्मे, कोटणीस यांना मिळून एक दिवस. तैलाभिषेकाच्या आधी दोन दिवस काहीच ठरवू नका, म्हणजे मंडळी ताजी राहतील. आईंचे गुडघे दुखत असतील तर नान्नज वगळा आणि कसब्याची पायपीट निम्मी करा, पण कुडल वगळू नका, तिथे चालणं फार नाही. आणि मागाचा कारखाना बघायला जाण्याआधी एकदा दुकानात जाऊन वेळ पक्की करून या. एवढं केलंत तर बाकी सगळं आपोआप जमेल.